दोन बोटांची जागा

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, निपाणी गावात एके काळी एक सज्जन, सुखवस्तू, देवभीरू आणि पूर्णपणे शुद्धीवर असलेला तंबाखूचा व्यापारी आपल्या घरच्या माणसांना खाटेच्या नवारीने बांधून परगावी नेत असे. ही गोष्ट खरी आहे. मलाही त्याने बांधलं होतं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे तशी सोय फारशी नाही.

मी तेव्हा निपाणीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि या गृहस्थांच्या माडीवर भाड्याने राहायचो. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, त्यांच्या बायकोला आक्का. आप्पा जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि दिवस मावळायच्या आत गाडी घरात. "अंधारात खायाचं न्हाय आनि अंधारात चालवायचं न्हाय. दोन्हीत काय आत जातंय ते दिसत न्हाय," असं ते म्हणायचे. अंगाला कायम तंबाखूचा वास, पण चिमूटभरही कधी तोंडात टाकली नाही. काळी टोपी, पांढरं धोतर, आणि चेहरा असा की, आत्ताच कुणाची तरी वाईट बातमी घेऊन आलेत असं वाटावं.

गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून घेतली, वापरलेली. लहानशी, पांढरी, चार दारांची, बेताच्या पैशात येणारी. घरच्या लोकांना चार दिवस ती जवळून बघायलाच मिळाली नाही. पाचव्या दिवशी तिच्याभोवती एक सुतार, एक गादीवाला आणि गॅरेजचा मिस्त्री असे तिघे एकाच वेळी काम करत होते. सुताराने चारही दारांना आतून कड्या बसवल्या, आपल्या घराच्या दारांना असतात तशा. गादीवाल्याने चालकापुढच्या पत्र्यावर कापूस भरून जाड गादी शिवली आणि प्रत्येकाच्या मानेमागे येईल असा एकेक छोटा लोड बांधला. मिस्त्रीने जमिनीच्या पत्र्याला लोखंडी कड्या वेल्डिंग करून दिल्या. कशासाठी, ते त्याला सांगितलं नव्हतं. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "सर, आप्पा गाडीत म्हसरं बांधनार हाईत का?"

डॉक्टरांनी काचेखाली पितळेचा एक गणपती चिकटवला होता. आप्पांनी तो सोडवला, दोन्ही हातांत धरून माडीवर आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"मास्तर, ह्येला तुमच्याकडं असू द्या."

"का हो आप्पा? गाडीतला देव काढला?"

"देव चांगला हाय. पर लई टोकदार हाय," आप्पा म्हणाले. "गाडी आपटली की माणूस सरळ त्येच्या मुकुटावर जाणार. देवाला कशाला पाप?"

तो गणपती पुढे अनेक वर्षं माझ्याकडे होता. मुकुट खरंच टोकदार होता.

मग नवार आली. खाटेला विणतात तीच, रुंद, सुती, पिवळसर पांढरी. एक पट्टा कमरेवरून, एक छातीवरून तिरका, आणि दोन्ही खालच्या लोखंडी कड्यांना. गाठ कोणती मारायची हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. तंबाखूच्या बोदाला, म्हणजे गासडीला, मारतात ती गाठ त्यांच्या हातात बसलेली होती. कितीही ओढ बसली तरी सुटत नाही, आणि मोकळं टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. बांधून झालं की ते छातीवरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवायचे. मग तिसरं घालून बघायचे. "दोन जायाला पायजेत, तिसरं जाता कामा न्हाय. दोन न्हाय गेली तर जीव गुदमरतोय. तिसरं गेलं तर जीव जातोय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही घड्याळाचा पट्टा बांधताना माझी बोटं आपोआप खाली जातात.

गावात अर्थातच आनंदीआनंद झाला. बाजारात आप्पांची गाडी दिसली की दुकानदार पायऱ्यांवर यायचे. बैलगाडी मागे टाकायलाही आप्पांना बराच विचार लागायचा. एकजण ओरडला, "आप्पा, एवढं सावकाश जाताय, आपटणार तरी कशावर?" आप्पांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि शांतपणे सांगितलं, "म्या सावकाश जातोय रं. मला येऊन आपटणारा सावकाश येतोय का?" काच वर केली आणि निघाले.

लोकांना पटावं म्हणून त्यांनी एकदा अंगणात जाहीर प्रयोग केला. अंडी वापरली असती तर सोपं गेलं असतं, पण त्या घरात अंड्याचं नावही काढता येत नव्हतं. म्हणून दोन मडकी आणली, पाण्याने भरली, हातगाडीवर शेजारी शेजारी ठेवली. एक मडकं नवारीने गाडीच्या दांड्यांना बांधलं, दुसरं मोकळं. अंगणाला गोठ्याकडे उतार होता. आप्पांनी हातगाडी सोडून दिली. ती गडगडत जाऊन गोठ्याच्या भिंतीवर आदळली. मोकळं मडकं भिंतीवर फुटून गोठाभर पाणी झालं. बांधलेलं मडकं हललं, पाणी हिंदकळलं आणि जागेवर राहिलं. आप्पा त्या मडक्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, लोक टाळ्या वाजवणार.

शेजारच्या म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आगं बाई! जित्या माणसांच्या घरात मडकं कोन फोडतंय? आनि वर बांधाबांध?"

तिथे माझ्या लक्षात आलं की आप्पांची अडचण वेगळीच आहे. लोक बिचकत होते, ते त्यांना वेडं समजून नव्हे. दोरीने आवळून बांधलेलं माणूस गावाने एकाच ठिकाणी बघितलं होतं. तिरडीवर. मडकं फुटलेलं बघितलं होतं तेही त्याच वाटेवर. आप्पा माणसाला वाचवायला जे जे करायला जात होते, ते ते गावाला मयताचं सामान दिसत होतं.

आणि हे सगळ्यांत ठामपणे दिसत होतं ते आक्कांना.

आक्का माहेरच्या चिक्कोडीकडच्या. राग आला की त्यांच्या तोंडात कानडी यायचं. पहिल्याच दिवशी आप्पा पट्टा घेऊन पुढे झाले, तेव्हा त्या बसलेल्या जागेवरून खाली उतरल्या. "ब्याड!" म्हणजे नको. "हे असं आडवं-तिडवं बांधतात कुणाला, म्हाईत हाय न्हवं तुमास्नी? म्या गेल्यावर बांधा. हाय तवर न्हाय."

"आगं, तू जाऊ नये म्हणून तर बांधतोय."

"तरीबी ब्याड."

आप्पांनी आवाज चढवला नाही. गाडीचं दार लावलं. "मग माझ्या गाडीत बसायचं न्हाय."

"न्हाय बसत."

आणि त्या बसल्या नाहीत. वर्षानुवर्षं. मुलगी बेळगावात दिलेली. तिच्याकडे जायचं असलं की आक्का पिशवी घेऊन स्टँडवर जायच्या, लाल यष्टीत खिडकीशी बसायच्या. आणि त्या लाल गाडीच्या मागे, धुरात, आप्पांची पांढरी गाडी. आत ते एकटे, बांधलेले. यष्टी थांबली की ते थांबायचे, यष्टी सुटली की ते सुटायचे. आक्का खिडकीतून मागे वळून एकदा बघायच्या, पदर सारखा करायच्या आणि पुढे तोंड फिरवायच्या. संकेश्वरला यष्टी चहाला थांबली की दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि परत आपापल्या गाडीत जायचे. कंडक्टरने एकदा मला विचारलं, "सर, ह्येंचं काडीमोड झालंय, का लगीन व्हायचंय?"

मी हसायचो. खरं तर मी फार हसायचो. मग एकदा दुपारी गाडीच्या कड्यांना तेल घालताना आप्पांनी मला एक गोष्ट सांगितली, ती अशी, की मधेच ते थांबले असते तर बरं झालं असतं.

त्यांना थोरला भाऊ होता. हे दोघं एकदा कुणाच्या तरी गाडीतून बेळगावहून येत होते, मागच्या सीटवर. तवंदी घाटात चालकाने गाडी अचानक वळवली आणि भावाच्या बाजूचं दार उघडलं. बस्स. गाडी उलटली नाही, कशावर आपटली नाही, आतल्या बाकी कुणाला खरचटलंदेखील नाही. फक्त दार उघडलं, आणि भाऊ बसल्या जागेवरून बाहेर गेला. आप्पांनी त्याला धरलं होतं.

"धरलं म्हंजे उपरणं धरलं," आप्पा म्हणाले. "उपरणं ऱ्हायलं हातात. तेवढंच ऱ्हायलं." तेलाचं बोट त्यांनी धोतराला पुसलं आणि कडी दोनदा उघडून लावून बघितली. "तवापासून माझा माझ्या हातावर इस्वास न्हाय, मास्तर. हाताला सुटतंय. गाठीला सुटत न्हाय."

त्यानंतरही मी यष्टीमागची पांढरी गाडी बघितली. हसू येत नव्हतं.

आता ती दुपार.

आमच्या सीमाभागात बंद नवा नाही. त्या दिवशीही होता. दुकानं बंद, यष्ट्या स्टँडवर रांगेने उभ्या, रस्त्यावर कुत्री. शेजारच्या किराणा दुकानदाराकडे फोन होता. त्याने मागच्या दाराने येऊन निरोप दिला: बेळगावहून फोन आला होता. मुलीचे दिवस भरले नव्हते, पण कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेलंय, आईला घेऊन या म्हणतेय.

आक्कांनी पिशवी भरली. खणाची ओटी, एक नारळ, एक जुनं मऊ लुगडं. स्टँडकडे जाऊन उपयोग नव्हता. त्या सरळ गाडीपाशी आल्या, पुढचं दार उघडून आप्पांच्या शेजारी बसल्या. मला आप्पांनी हाक मारली होती, वाटेत अडवाअडवी झाली तर बोलायला एक माणूस असावा म्हणून. मी मागे बसलो. मला बांधलं. स्वतःला बांधलं. मग आप्पांनी आक्कांच्या बाजूचा पट्टा उचलला.

"ब्याड," आक्का समोर बघत म्हणाल्या.

आप्पांनी पट्टा खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. किल्ली लावलेली होती, फिरवली नाही.

"तिकडं पोर वरडतिया," आक्का म्हणाल्या.

"म्हाईत हाय."

"मग चला की."

"बांधल्याबिगर न्हाय."

"तुमी माणूस हाय का कोन?"

आप्पांचं बोट किल्लीपाशी गेलं आणि परत आलं. मी मागे बांधलेला; गाठ खेचून उतरायची आणि मध्यस्थी करायची माझी हिंमत नव्हती. दोघांपैकी कोण निर्दय, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. एकीला मुलीपाशी पोचायचं होतं. दुसऱ्यालाही मुलीपाशीच पोचायचं होतं, पण बायकोसकट.

आक्का उतरल्या. मला वाटलं, आता चालत निघणार. त्या घरात गेल्या आणि हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. सीटवर बसल्या. पिशवीतून ओटीचा हिरवा खण काढला आणि छातीवरून येणाऱ्या नवारीला गुंडाळला, कडा आत मुडपून, व्यवस्थित. त्यावर हळद लावली, कुंकू लावलं. तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं.

"ह्यो आता तिरडीचा न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो वटीचा हाय. बांधा."

आप्पांनी बांधलं. गाठ बरोबर बसली. दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही. मग ते दाराच्या कडीकडे वाकले, तशा आक्का म्हणाल्या, "कडी ब्याड. दावं बी आनि कोंडवाडा बी? म्या काय म्हस हाय का?"

आप्पांनी कडी तशीच सोडली. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो; त्यांनी काही सोडून दिलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. किल्ली फिरली.

तवंदी घाट निपाणीपासून लांब नाही. चढ सुरू झाला. आक्कांनी घाटातल्या देवळाच्या दिशेला हात जोडले. तिथे फोडायला पिशवीतून काढलेला नारळ मांडीवर होता. वरच्या वळणावर बंदवाल्यांनी रस्त्याच्या अर्ध्या भागात दगड मांडून ठेवले होते. वरून येणारा रिकामा ट्रक ते दगड चुकवायला आमच्या बाजूला आला. आप्पांनी गाडी डावीकडे, दरीकडे काढली. ट्रक आमच्या मागच्या चाकावर आदळला. गाडी गर्रकन फिरली आणि कठड्यावर आपटली.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते हे: आक्कांच्या बाजूचं दार उघडं होतं. सताड उघडं. आणि त्याच्यापलीकडे रस्ता नव्हता, कठडा ढासळून गेला होता, नुसती खाली झाडं दिसत होती. आक्का कमरेपासून वर दाराबाहेर कललेल्या होत्या, अंबाडा सुटून केस खाली लोंबत होते. त्यांना आत धरून ठेवणारी एकच गोष्ट होती. हिरवा खण, त्याच्याखाली नवार. ताणून तारेसारखी झालेली.

नारळ मांडीवरून उडाला होता. तो आधी आप्पांच्या कपाळावर आणि मग काचेवर बसला. काच गेली होती. देवळापर्यंत जायच्या आधीच तो फुटला. आप्पांच्या भुवईवरून रक्त वाहत होतं. त्यांनी डावा हात लांब केला. मला वाटलं, आक्कांचं मनगट धरणार. त्यांनी मनगट धरलं नाही. त्यांनी पट्ट्याखाली बोटं घातली. दोन. मग गाठ चाचपली. मगच त्यांनी श्वास घेतला.

"सोडू नका," आक्का बाहेरूनच म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "आधी आत घ्या. मग सोडा."

मी माझी गाठ खेचली, मागून पुढे वाकलो, आम्ही दोघांनी त्यांना आत ओढलं. दार लावलं. आणि आप्पांनी कडी घातली.

ट्रकवाला रडत धावत आला. तो आम्हाला परत निपाणीला सोडतो म्हणाला. आक्का म्हणाल्या, "मागं न्हाय. म्होरं." त्याने ट्रक वळवला. केबिनमध्ये चढल्यावर आप्पा इकडे तिकडे बघायला लागले. त्यांना काय हवंय ते मला कळलं, ट्रकवाल्याला कळलं नाही. त्याच्या सीटमागे ताडपत्रीची दोरी होती. ती आप्पांनी ओढून घेतली. आक्कांनी दोन्ही हात वर केले, बांधायला सोपं जावं म्हणून.

नात झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप होत्या. आप्पांच्या कपाळाला टाके पडले, आणि दवाखान्यातून बाहेर येईपर्यंत दिवस मावळला होता, म्हणून ते त्या दिवशी जेवले नाहीत.

तुम्हाला वाटेल, आक्कांनी आता नवऱ्याचं म्हणणं मान्य केलं असेल. छे! "तुमचं बरोबर हुतं" हे शब्द त्यांच्या तोंडून मी तरी ऐकले नाहीत. पण लाल यष्टी बंद झाली. दर दसऱ्याला पट्ट्यावरचा खण बदलला जाऊ लागला. आणि कुणी पाहुणा गाडीत बसून उगाच हसला, तर आक्काच मागे वळून म्हणायच्या, "दात नंतर काडा. आधी बांधून घ्या."

काही वर्षांनी बाजारात नव्या गाड्या आल्या. छोट्या, गुळगुळीत, तयार पट्ट्यांच्या. आप्पा मला घेऊन बेळगावच्या एका दुकानात गेले. विकणारा तरुण फार गोड बोलत होता. गादी, रंग, पेट्रोल किती कमी खाते, सगळं सांगून झालं. आप्पा पुढच्या सीटवर बसले, पट्टा ओढला, खट्‌कन लावला, दोन बोटं घातली. चेहरा पहिल्यांदाच थोडा उजळला. खट्‌कन सोडला, पुन्हा लावला. लहान पोराला शिट्टी मिळावी तसे ते किती तरी वेळ खट्‌खट् करत बसले. मग मागे वळून बघितलं.

"मागं पट्टं न्हाईत?"

"मागं कशाला, अण्णा?"

"मागच्यांनी काय गुन्हा केलाय?"

तरुण हसला. आप्पांनी पुढचा प्रश्न विचारला. "आपटल्यावर काय हुतंय?"

"आपटायचीच कशाला, अण्णा? एवढी चांगली गाडी!"

आप्पा उतरले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "चला मास्तर. जो आपटनारच न्हाय म्हनतोय, त्येच्याकडनं गाडी घ्यायची न्हाय." आम्ही जुन्याच गाडीतून परत आलो. बांधलेले.

आप्पा गेले ते घरात, अंथरुणावर, सकाळी, काही न आपटता. थोड्याच दिवसांच्या आजाराने. गावातले झाडून सगळे आले. पायरीवर उभं राहून हसणारे दुकानदारसुद्धा. अंगणात, गोठ्याकडच्या उतारावर, बांबू आणि दोरी आली. शेजारपाजारची चार माणसं बांधायला बसली. आप्पांबद्दल सगळ्यांच्या मनात माया होती, त्यामुळे हात हलके पडत होते. दोरी हळुवार, सैल टाकत होते, जणू झोपलेल्या माणसाला लागू नये. मी पायांपाशी उभा होतो.

आक्का आत बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या उठून बाहेर आल्या. बायका मागे धावल्या, कुणीतरी दंडाला धरलं. आता हंबरडा फुटणार म्हणून पुरुषांनी माना खाली घातल्या.

आक्का रडल्या नाहीत. वाकल्या. छातीवरच्या दोरीखाली त्यांनी दोन बोटं घातली. तशाच थांबल्या. मग तिसरं घातलं. आणि मान वर करून त्या चौघांवर अशा ओरडल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली:

"आरं, तिसरं बोट जातंय की रं! सोडा ते, आनि परत बांधा! ह्येस्नी असलं सैल चालत न्हाय!"